मूळव्याध: कागदावर ३, ७, ११ लिहिलंय. बँड लावू की ऑपरेशन करू? (सोलापूर)

गणवेशवाला | ११ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. खोट्या नावाने लिहितोय. खऱ्या नावाने लिहिलं तर उद्या अशोक चौकात चहाला उभा राहिलो की पहिला प्रश्न हाच.

वय ४१. पूर्व भागात घराच्या वरच्या मजल्यावर शाळेच्या गणवेशाचं शिलाईचं काम आहे. सात मशिनी, त्यातल्या एका मशिनीवर मी स्वतः. सकाळी साडेनऊला बसलो की जेवणापुरता उठतो, मग रात्री आठपर्यंत तेच स्टूल.

दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा रक्त दिसलं. दुखलं काही नाही, शेवटी टपटप चार थेंब, लालभडक. सोलापुरात माणसाचा पाय मोडला तरी दोष शेंगाचटणीला जातो, तसा मीही तिलाच दिला आणि तीन आठवडे चटणी बंद केली. रक्त थांबलं. मला वाटलं, सापडलं कारण. दीड महिन्याने चटणी न खाताच परत सुरू.

मग मोड बाहेर यायला लागला. आधी संडासहून उठलो की आपोआप आत जायचा. दिवाळीपासून बोटाने ढकलावा लागतो. यंदा गड्ड्याच्या जत्रेला पोरांना घेऊन गेलो, तर पाळण्यापासून होम मैदानाच्या गेटापर्यंत चालत येईस्तोवर बाहेर. पोरगा म्हणतो, पप्पा असं का चाललाय. त्याला बूट चावतोय म्हणून सांगितलं.

कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. कसं कळलं ते सांगतो. स्टुलावर मी टॉवेलची घडी टाकून बसतो. शेजारच्या कारखान्यातला सेकंडचा माल, पांढरा. एकदा जेवून वर आलो तर घडी उलटी करून ठेवलेली. काज-बटणाला एक आक्का येतात, साठीच्या असतील. त्यांनी डाग बघितला होता. एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या स्टुलावर काळ्या कापडाची नीट टीप मारलेली गादी होती, आत चिंध्या भरलेल्या. त्या दिवशी मी घरी सांगितलं.

त्यानंतरचा मूर्खपणाही सांगून टाकतो. रस्त्यावर बोर्ड बघून एकाकडे गेलो. ‘बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनमध्ये मुळापासून’. काय टोचलं ते सांगितलं नाही, कागद दिला नाही, चार हजार घेतले. सहा दिवस मी पालथा झोपून होतो. बसणं सोडा, खोकला आला तरी डोळ्यांत पाणी.

शेवटी जानेवारीत रीतसर सर्जनकडे गेलो. त्यांनी कुशीवर झोपवून छोटी नळी घालून बघितलं, दोन मिनिटांचं काम. कागदावर लिहिलं ३, ७, ११. मला वाटलं औषधाच्या वेळा! पातळ औषध दिलं होतं पोट साफ व्हायला, ते मी मोबाईलला गजर लावून दुपारी ३, संध्याकाळी ७, रात्री ११ असं घेतलं. तिसऱ्या दिवशी मशिनीवर बसायची सोय राहिली नाही. फोन केला तेव्हा डॉक्टर आधी हसले, मग म्हणाले त्या जागा आहेत, वेळा नाहीत. औषध रात्री एकदाच घ्यायचं होतं.

त्यांचं म्हणणं: ७ आणि ११ ला तिसरी ग्रेड, ३ ला दुसरी. बँड लावून बघू, दोन खेपा लागतील, पुढे परत होऊ शकतं. नाहीतर ऑपरेशन, ३५ हजारांपर्यंत. दुसऱ्या एका ठिकाणी लेझरचे ६५ हजार सांगितले आणि ‘दुसऱ्या दिवशी कामावर’. सासुरवाडी अक्कलकोटची, ते म्हणतात क्षारसूत्र करा. हिमोग्लोबिन ९.८ आलंय.

एप्रिल ते १५ जून आमचा सीझन. शाळा उघडायच्या आधी माल गेला नाही तर वर्ष बुडालं. ज्यांनी यातलं काही करून घेतलंय त्यांनी खरं सांगा, किती दिवस बसता येत नाही? आणि एक. आम्ही जन्मभर ज्वारीची भाकरी खाणारी माणसं. मैदा नाही, पिझ्झा नाही. मला कशी झाली?

---

घरगुती_बटवा | ११ फेब्रुवारी

सकाळी उपाशीपोटी गार दुधात अर्धं लिंबू पिळायचं, नासायच्या आत प्यायचं. सात दिवस. शंभर टक्के गुण.

---

निवृत्त_सिस्टर | १२ फेब्रुवारी

गणवेशवाले भाऊ, ३-७-११ वाचून मी एकटीच हसत बसले. तुम्ही पहिले नाही. आमच्या वॉर्डात एक आजोबा त्या आकड्यांचा मटका लावायला निघाले होते.

३१ वर्षं सर्जरीच्या वॉर्डात काढली, म्हणून लिहिते. डॉक्टर नाही, तेव्हा माझं वाचून स्वतः काही ठरवू नका, त्यांना विचारायला प्रश्न न्या.

माणूस उताणा झोपलाय, पाय वर घेतलेत आणि गुदद्वाराच्या जागी घड्याळाची तबकडी आहे असं समजा. १२ पुढच्या बाजूला, ६ माकडहाडाकडे. रक्तवाहिन्यांच्या तीन मऊ गाद्या तिथे प्रत्येकाला जन्मापासूनच असतात, बहुतेकांना ३, ७ आणि ११ याच जागी. वारा, पाणी अडवून धरायला त्यांचा उपयोग असतो. कुंथून कुंथून त्या सैल होऊन खाली घसरल्या की आपण मोड म्हणतो. नुसतं रक्त येतं ती पहिली ग्रेड, बाहेर येऊन आपोआप आत जातो ती दुसरी, बोटाने ढकलावा लागतो ती तिसरी, ढकलूनही जात नाही ती चौथी. तुमचं वर्णन डॉक्टरांच्या कागदाशी जुळतंय.

बँड म्हणजे बारीक रबरी कडी. नळीतून मोडाच्या मुळाशी चढवतात, मोडाचा रक्तपुरवठा बंद होतो, पाच ते दहा दिवसांत मोड वाळून गळतो. यात नवीन काही नाही, १९६० च्या दशकापासून चालत आलंय. भूल लागत नाही, कारण आतल्या त्या भागात दुखण्याच्या नसाच नाहीत. म्हणून तर तुम्हाला दोन वर्षं रक्त गेलं तरी दुखलं नाही. खालच्या कातडीला मात्र नसा आहेत. बँड जरा खाली बसला तर टेबलावरच जोरात कळ येते. तेव्हा लाजून गप्प बसू नका, लगेच सांगा, ते काढून वर लावतात. नंतर दोन दिवस सारखं संडासला लागल्यासारखं जड वाटतं. आणि मोड गळतो त्या सुमारास थोडं रक्त जातं. हे आधी सांगितलेलं नसलं की माणसं रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीला धावत येतात. थोडं जाणं ठीक. पण धार लागली, ताप आला, लघवी अडली किंवा दुखणं दिवसेंदिवस वाढत गेलं, तर मग खरंच धावत यायचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर बँडच्या आधी सांगायची.

लेझर चांगलं की वाईट, असा प्रश्न नाही. ते मोडाला आतून शेकतं, जखम लहान, दुखणं कमी. पण मोठे मोड असतील तर काही वर्षांनी परत यायची शक्यता कापून काढण्यापेक्षा जास्त. ‘दुसऱ्या दिवशी कामावर’ हे बोर्डावरचं वाक्य आहे. कामावर जाल हो, पण दहा तास स्टुलावर बसाल का? केसपेपरवर ‘मिलिगन-मॉर्गन’ लिहितात ते उघडं ऑपरेशन, १९३७ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलातल्या दोन सर्जननी मांडलेलं. परत यायची शक्यता सगळ्यात कमी, दुखणं सगळ्यात जास्त. दोन-तीन आठवडे बाजूला काढावे लागतात.

इंजेक्शनचा उपचार मुळात खोटा नाही. बदामाच्या तेलातलं फिनॉल सर्जनही देतात, पहिल्या-दुसऱ्या ग्रेडला. पण काय टोचलं ते न सांगणारा माणूस उपचार करत नसतो. नव्या डॉक्टरांना ही गोष्ट सांगितलीत का? सांगा.

आता ज्याने मला काळजी वाटली ते. हिमोग्लोबिन ९.८. मूळव्याधीने इतकं उतरू शकतं, पण तेच कारण आहे असं धरून चालू नका. ‘कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याने मोठ्या आतड्याची तपासणी) करायची का’ असं सर्जनना स्वतःहून विचारा. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की संडास काळी होते आणि खडाही धरतो, तेव्हा पोट साफ व्हायचं औषध बंद करू नका.

भाकरीचं विचारलंत. ज्वारीत तंतू आहेत, पण तंतूला पाणी लागतं. तुम्ही दिवसात पाणी किती पिता? सोलापूरचा उन्हाळा, वर पत्रा असेल तर विचारायलाच नको. घाम जातो, पाणी पोटात जात नाही, आणि काम सोडून उठायला नको म्हणून आलेली संडास दाबून धरता. हो ना? इसबगोल घ्या, पण एका ग्लासात कालवून लगेच पिऊन टाका आणि वर दुसरा ग्लास पाणी. सुका-सुका घेतला तर तोच आत अडकून बसतो. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्या. मोबाईल बाहेर ठेवून जा. पाच मिनिटांत झालं नाही तर उठा.

टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून दोन-तीनदा. नळाला रोज पाणी येत नाही हे ठाऊक आहे, पण उथळ टबाला चार-पाच लिटर पुरे. डेटॉल घालू नका, कातडी जळते. साधं पाणी.

दूध-लिंबूवाले, राग नको. पण ज्याला हिमोग्लोबिन ९.८ आहे त्याला सात दिवस लिंबू पिळत बसवू नका.

---

रातपाळी | १२ फेब्रुवारी

अण्णा, लूमवर उभा राहूनच लिहिलालो, चुकलं तर संभाळून घ्या.

मी चौथ्या ग्रेडचा. माझं कापूनच काढलं, २०२२ ला, ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या कार्डावर. तुमचंही असेल नाहीतर रेशनकार्ड घेऊन सरकारी योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा, बसतंय का ते. आधीच खिशात हात घालू नका बे.

खरं सांगा म्हटलाव म्हणून सांगतो. ऑपरेशन काही नाही. पाठीत सुई देतात, कमरेखाली बधिर, वर डॉक्टर आणि सिस्टर गप्पा मारलालेत ते ऐकू येतंय. दुखणं सुरू होतं सुई उतरल्यावर. आणि पहिली संडास. चौथ्या दिवशी झाली मला. चार दिवस भ्यायलो म्हणून जेवलोच नाही, तीच चूक. पोटात काही नाही तर खडाच होणार की. काच फोडून बाहेर आल्यासारखं. आई दाराबाहेर उभी राहून सिद्धरामेश्वराचं नाव घ्यायलीय आणि मी आत नळाची तोटी धरून. झालं की लगेच टबात बसलो, तेव्हा कुठं जीवात जीव आला. तिसऱ्या संडासपासून पन्नास टक्के कमी झालं म्हणा. १८ व्या दिवशी कामावर गेलो, पण माझं काम उभ्याचं. तुमचं बसायचं. तुम्ही महिना धरा.

चार वर्षं झाली, परत काही नाही. मला विचाराल तर तिसऱ्या ग्रेडला आधी बँड लावून बघा. कापायचं कुठं पळून चाललंय?

खाण्याचं म्हणाल तर मी त्या महिन्यात कडक भाकरी आमटीत चुरून, पार लगदा करून खाल्ली. वर ताक. चटणी मात्र दोन महिने डब्यात बंद. चटणीनं मूळव्याध होत नसेल, पण जखमेवरून जाताना ती कोण आहे ते सांगूनच जाती.

---

शल्यवैद्य_बार्शी_रोड | १३ फेब्रुवारी

मी आयुर्वेदातला शल्य विभागाचा. क्षारसूत्राबद्दल गैरसमज नको म्हणून थोडक्यात.

सुश्रुतांनी अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, चार मार्ग सांगितलेत: औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. मोड नवा, कमी त्रासाचा असेल तर औषध; मऊ, पसरलेला, खोल असेल तर क्षार; खरखरीत, जाड, कडक असेल तर अग्नी; आणि बारीक देठाचा, वर आलेला, ओलसर असेल तर शस्त्र. म्हणजे ‘आयुर्वेदात कापत नाहीत’ हे खरं नाही. क्षारसूत्र म्हणजे दोऱ्याला निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे मिळून २१ लेप दिलेले असतात. त्याचं सगळ्यात मोठं काम भगंदरात आहे. मूळव्याधीत त्याने मोड मुळाशी बांधतात, आठ-दहा दिवसांत गळतो. तत्त्व बँडसारखंच, पण दुखतं बँडपेक्षा जास्त, भूल द्यावी लागते. अक्कलकोटच्या मंडळींना सांगा, वाईट सुचवलं नाही. फक्त शल्याचं पदव्युत्तर शिक्षण झालेल्याकडेच जा आणि रक्ताचा रिपोर्ट त्यालाही दाखवा.

सुरणाला संस्कृतात नावच ‘अर्शोघ्न’ आहे. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवलेली भाजी जरूर खा, नाहीतर घसा खाजेल. पण तिसऱ्या ग्रेडचा मोड सुरणाने आत जाऊन बसत नाही, हे मीच सांगतो.

---

पाहुणा_मोहोळ | १३ फेब्रुवारी

फक्त एवढंच. आमच्या वडिलांना ५६ व्या वर्षी रक्त जायचं. घरात सगळ्यांनी मूळव्याध म्हटलं, आठ महिने मलम लावलं. वजन उतरत होतं, कधी पातळ कधी घट्ट होत होतं, ते कुणी मोजलंच नाही. शेवटी बार्शीला कॅन्सर हॉस्पिटलात नेलं तेव्हा कळलं. ऑपरेशन झालं, आज आहेत. सिस्टर म्हणाल्या ते विचारा डॉक्टरांना. पुढे ढकलू नका.

---

गणवेशवाला | २९ जून

मंडळी, सीझन संपला, आता लिहितो. उशीर झाला, माफ करा.

पाहुण्यांचं वाचलं त्या रात्री झोप नाही आली. दुसऱ्या दिवशी सर्जनकडे जाऊन आधी इंजेक्शनची गोष्ट सांगितली. त्यांनी परत तपासलं, तिथे जखम होती, म्हणून दोन आठवडे थांबवलं. तेवढ्यात कोलोनोस्कोपी झाली. तपासणी काहीच नाही, आदल्या रात्री ते औषध पिऊन जो जागर होतो तो खरा. आत सगळं स्वच्छ निघालं. बायको रिपोर्ट घेऊन थेट सिद्धेश्वराला गेली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ७ आणि ११ ला बँड. सिस्टर, तुम्ही सांगितलं होतं म्हणून वाचलो. दुसरा लावताना कळ आली, मी ओरडलो, त्यांनी काढून वर लावला, दुखणं गेलं. दोन दिवस जड वाटलं. सातव्या दिवशी मशिनीवर असताना ओलं वाटलं, जाऊन बघितलं तर रक्त. तुमचं वाचलेलं नसतं तर मीही कॅज्युअल्टीला धावलो असतो. संध्याकाळपर्यंत थांबलं. एप्रिलच्या सुरुवातीला ३ चा उरकला. दोन्ही खेपांना मिळून चार दिवस काम बुडालं. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, हिमोग्लोबिन ११.६.

पूर्ण गेलंय असं म्हणणार नाही. मेच्या गर्दीत, ४३ डिग्रीत सलग बारा तास बसलो, तेव्हा ७ चा मोड दोनदा बाहेर आला. आपोआप आत गेला, पण आला. डॉक्टर म्हणाले दिवाळीत बघू, लागला तर आणखी एक बँड, तेवढ्यानेही नाही भागलं तर कापू. रातपाळी, तेव्हा तुमच्या आईंना आमच्याही दाराबाहेर उभं करावं लागेल.

पाण्याचं सिस्टरनी बरोबर ओळखलं. मोजलं तर दिवसाला चार ग्लास निघाले, त्यात चहा धरून. आणि संडास दाबून ठेवणं, तेही खरं. आता गजर ठेवलेत. मोबाईलमध्ये जुने होतेच, ३, ७ आणि ११ चे, फक्त ११ चा रात्रीचा काढून सकाळचा केला. वाजला की मी मशीन थांबवतो, उठतो, तांब्याभर पाणी पितो, गच्चीवर एक चक्कर. बघून बघून बाकीच्यांनीही मशिनी थांबवायला सुरुवात केली. परवा एक पोरगी विचारत होती, साहेब, बारा-चार-आठ का नाही, ३-७-११ च का? मी म्हटलं, डॉक्टरांनी लिहून दिलंय.

आक्का काज करता करता खाली मान घालून हसल्या. त्यांना काय माहीत आहे आणि काय नाही, मी विचारलेलं नाही. गादीचा काळा खोळ मात्र आता दर शनिवारी त्याच धुवायला घेऊन जातात.